डोळ्यापुढची खाच

मासा ओट्यावर मावत नव्हता. शेपटी बाहेर लोंबत होती. लालबुंद अंग, एकेक खवला हाताने बसवल्यासारखा.

"बूर्झवा मासा आहे, बिनघोर खायचा," जिस्लें म्हणाला. "पोराच्या बाप्तिस्म्याला समुद्रानेच धाडला."

त्याची बायको नादेझ दारात बाळाला पाजत बसली होती. चुलीवर टोमॅटो-आल्याचं पाणी उकळत होतं. माशाच्या डोक्याचा पहिला रस्सा रीतीप्रमाणे बाळंतिणीला, म्हणजे तिलाच मिळायचा होता.

सासू, एलियेत, सुरी घेऊन आली आणि माशापाशी थबकली.

"हा वारा-वारा तर नाही ना रे?"

नादेझचा हात बाळाच्या टाळूवर थांबला. ती डोंगरातली, माशांतलं तिला फारसं कळत नसे. पण वारा-वाराचं विष अख्ख्या रॉड्रिग्ज बेटाला ठाऊक. गार पाणी जिभेला चटका देतं, हातापायांच्या मुंग्या महिनाभर जात नाहीत. आणि आईने खाल्लं तर ते दुधात उतरतं.

"मा, आता तू मला मासे शिकव," जिस्लें हसला. "वारा-वाराच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके असतात. कुठायत, दाखव. आणि मांजरीला सकाळीच तुकडा घातलाय. ती बघ, मजेत लोळतेय."

"ठिपके लहानपणी असतात. वाढला की पुसून जातात. आणि मांजरीला एवढ्यात काय कळणार?" एलियेत सुनेकडे वळली. "ये गं इकडे. बोट दे."

नादेझने बाळाला खांद्यावर घेतलं. सासूने तिचं बोट धरून माशाच्या डोळ्यापासून नाकपुडीकडे नेलं. वाटेत ते आत घसरलं.

"काय लागलं?"

"खाच. चांगली खोल आहे."

"बूर्झवाला ती नसते. आणि ती काही पुसत नाही."

जिस्लेंने स्वतःचं बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"अख्खी वाडी जेवायला येतेय, मा."

"येऊ दे. मसूर शिजवू. एलियेत कंजूष आहे म्हणतील, म्हणू देत."

तिने माशाच्या लाल पाठीवरून तळवा फिरवला. "देखणा आहेस हो," ती त्याला म्हणाली, आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली.

जिस्लेंने ती तिच्या हातून घेतली. परसात, पपईखाली, मासा मावेल एवढा खड्डा झाला तसा तो घाम पुसत थांबला.

"अजून खोल," एलियेत म्हणाली. "वाटेवरच्या कुत्रीला पिल्लं झालीत."