चिठ्ठीवरची किंमत

"अहो, चिठ्ठीवर साडेनऊ हजार लिहिलेत आणि बिल साडेअकराचं?" सुलक्षणानं काउंटरवरच्या शिलाई मशीनवरून हात काढला नाही. शाळेच्या गणवेशांची पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती, आणि जवळ होते तेवढेच साडेनऊ हजार.

"चिठ्ठी चुकलीय, ताई," मालक म्हणाला. "कॉम्प्युटरवरची किंमत खरी."

"पण चिठ्ठी तुम्हीच लावलीत ना? ती वाचूनच मी गणवेशांच्या ऑर्डरसाठी हे मशीन पसंत केलं." तिनं चिठ्ठीचा फोटो काढला. "देणार नसाल तर तसं लिहून द्या. मी ग्राहक मंचात जाते."

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. मालकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि चडफडत बिल बदललं. सुलक्षणाला उडीच मारावीशी वाटली.

तेवढ्यात तो मागे वळून ओरडला, "गुरव, हे दोन हजार तुमच्या पगारातून कापणार!" चिठ्ठ्या लावणाऱ्या म्हाताऱ्या गुरवकाकांचा चेहरा पडला.

सुलक्षणानं पुढे केलेले पैसे मागे घेतले. "काकांचा पगार कापणार असाल, तर मला मशीन नको."

"मलाही हा नको," म्हणत मागच्या बाईनं हातातला मिक्सर खाली ठेवला.

"नाही कापत, बाई, नाही कापत!" मालकानं हात जोडले.

मशीनचं खोकं रिक्षात ठेवायला गुरवकाका स्वतः आले. "गणवेश कधी द्यायचेत?" त्यांनी विचारलं.

"पंधरा तारखेला!" म्हणत सुलक्षणानं रिक्षा सुटायच्या आतच खोक्याची पट्टी फाडायला घेतली.