काळ बदला

बायकोचं तेरावं उरकून बिराजदार सर आज शाळेत आले. सातवीच्या सेमी-इंग्लिश वर्गात त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'काळ बदला'. खाली हाताच्या सवयीनं दरवर्षीचंच वाक्य उतरलं : 'माय वाइफ सिंग्ज इन द किचन.'

या वाक्याला पोरं हमखास खिदळायची. "माझ्या गाण्याचं वर्गात हसं करता होय," म्हणून शैला घरी फुरंगटायची. आज कुणी हसलं नाही. पोरांना ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांनीही माना खाली घातल्या. सर घाईघाईनं डस्टर शोधू लागले.

तेवढ्यात कांचन उठली. 'सिंग'चा भूतकाळ 'सिंग्ड'च, असा हट्ट धरून वर्षभर सरांना पिडणारी कांचन. क्रियापदापलीकडे तिचं लक्षच नव्हतं. एकेक शब्द चाचपत ती म्हणाली, "माय वाइफ... सँग इन द किचन."



"बरोबर," सर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

कांचनचा चेहरा उजळला. वर्षात पहिल्यांदाच तिचं उत्तर बरोबर आलं होतं.

"सर, आता भविष्यकाळ करू?"