बर्फावरच्या मावशी

“मावशी ना? त्या बर्फावर आहेत. आत्ताच कापायला घेणार होते,” आतल्या खोलीतून मुलगी ओरडली.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. असं कुणाच्या नवऱ्यासमोर बोलायचं असतं का? पण आतलीला बिचारीला काय ठाऊक, लॅबच्या खिडकीशी कोण उभं आहे ते. मॅडमने तिला फक्त एक नंबर सांगून तो नमुना कुठे आहे, एवढंच विचारलं होतं.

“कोण मावशी?” म्हातारा म्हणाला. जन्मभर बस चालवलेला माणूस, आवाज अजून इंजिनाच्या वरचा. “हा नंबर माझ्या बायकोचा आहे.”

“काका, तुम्ही आधी आत येऊन बसा बरं.”

तो आत आला, पण बसला नाही. सकाळी हॉस्पिटलच्या वरच्या ऑफिसातून त्याला फोन आला होता. जुन्या पेशंटांच्या गाठींचे नमुने टाकून द्यायचेत, तुमच्या मिसेसचा हवा असेल तर हा नंबर खाली लॅबमध्ये सांगा आणि घेऊन जा. त्याने तिच्या सुयादोऱ्यांची डबी रिकामी केली, तळाशी कापूस घातला आणि तडक निघाला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. कपडे लेकीने वाटून टाकले, आणि मग लेकही लांब राहायला गेली. फोटो होते, पण फोटोला हात लावला की काचच लागते. आज निदान तिचं खरंखुरं काहीतरी हातात येणार होतं.

मॅडमने मेणाची वडी आणून त्याच्यापुढे ठेवली. काडेपेटीच्या निम्मी असेल. मेणात मधोमध करडा, नखाएवढा तुकडा.

“एवढीच?”

“होती मोठी. वापरली आम्ही.” मॅडमला मनापासून लाज वाटली. “काका, गाठीत एक प्रथिन असतं. ते जास्त असलं तर गाठ पसरायची भीती जास्त. ते आहे की नाही बघायला आम्ही पेशंटचा तुकडा काचेवर ठेवून त्याला रंग देतो. प्रथिन असेल तर तपकिरी होतो, नसेल तर नाही. पण नाही झाला, तर प्रथिनच नाही की आमचा रंग बिघडलाय, हे कसं कळणार? म्हणून त्याच काचेवर शेजारी असा एक तुकडा लावतो, ज्यात ते भरपूर आहे हे आधीच पक्कं माहीत असतं. तो तपकिरी झाला की रंग चांगला. मग पेशंटचा रिपोर्ट द्यायचा.”

“आणि तो तुकडा हिचा.”

“काकूंच्या गाठीत ते फार होतं.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. फार आहे, पसरणार. पसरलं.” मग त्याचा आवाज चढला. “मला विचारलंत? माणूस मेलं म्हणून काय कुणीही यावं आणि त्याचे काप काढावेत?”

“नाही विचारलं. चुकलंच आमचं.”

आतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नव्हतं. “आजोबा, मला खरंच माहीत नव्हतं हो. नाव ठाऊक नाही ना, म्हणून आम्ही मावशी म्हणतो. मी इथे लागायच्या आधीपासून सगळे मावशीच म्हणतात.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी लागेल असं बोलायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं, पण पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. तो खुर्चीवर टेकला. “दाखवा तरी,” तो म्हणाला.

मॅडमने कालची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली. त्याने एक डोळा मिटला. खाली सगळं तपकिरी, जाळीदार, चहा सांडून वाळावा तसं. तो बराच वेळ बघत राहिला.

“आणि ही शेजारची कोण?”

“कालची पेशंट. वरच्या बाजूला मावशी, खालच्या बाजूला पेशंट. प्रत्येक काचेवर असंच.”

“रोज दुसरी?”

“रोज तीन-चार जणी तरी असतात.”

त्याला एकदम हसू फुटलं. “अहो, ही बाई बसस्टॉपवर पाच मिनिटं उभी राहिली तरी दोन मैत्रिणी करायची. माझी बस सुटायची वेळ व्हायची आणि हिच्या गप्पा काही संपायच्या नाहीत. मी हॉर्न देऊन देऊन दमायचो.” हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. “किती दिवस पुरेल अजून?”

“बर्फावर मेण कडक करून कापलं की कागदाहून पातळ पापुद्रे निघतात. जपून काढले तर वर्षभर.” मॅडम घाईने पुढे म्हणाली, “पण त्याचा तुम्ही विचार करू नका, काका. आम्ही दुसरा तुकडा शोधू. त्यांच्यावर हक्क तुमचा आहे. न्या तुम्ही.”

मुलीने डबी उघडून कापूस नीट पसरला. म्हाताऱ्याने वडी तळहातावर घेतली. ती गार होती. त्याने दुसऱ्या हाताने ती झाकली आणि तसाच बसून राहिला.

मग तो उठला. आतल्या खोलीत गेला, बर्फाचा ट्रे त्याने आपणच शोधला आणि वडी त्यावर ठेवली.

“काका, नेत नाही?”

“नको. घरी मी एकटाच असतो दिवसभर,” तो म्हणाला. “तिला करमायचं नाही तिथे.”