कोपऱ्यातल्या काठ्या
कंबरदुखीसाठी मी शिकवते ते व्यायाम उद्यापासून बंद करायचे, असं मी वैतागून ठरवून टाकलं होतं. उपयोगच काय? माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जो पेशंट पुन्हा यायचा, तो कण्हतच यायचा. "ताई, काही फरक नाही हो," हे ऐकून ऐकून कान किटले होते. बाकीचे मध्येच गायब व्हायचे. कंटाळून दुसरीकडे गेले असणार. ते रंगारीकाकाही असेच गेले, रागाच्या भरात काठीसुद्धा विसरून. निदान ती तरी पोचवावी म्हणून त्यांच्या घरी गेले. बघते तर स्वारी शिडीवर चढून छत रंगवतेय आणि खाली काकू शिडी धरून त्यांचा उद्धार करतायत. "काका, अहो कंबर!" मी ओरडलेच. "ती होय? झाली की बरी!" "मग सांगायला नाही का यायचं?" "घ्या! बरं झाल्यावर दवाखान्यात कोण कडमडतं?" मी तिथल्याच रंगाच्या डब्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काठी पुढे केली, तर काकू म्हणाल्या, "न्या बाई परत. नाहीतर हे तिलाच ब्रश बांधतील." परत येऊन ती कोपऱ्यात ठेवायला गेले. तिथे विसरलेल्या काठ्यांची आधीच ही अडगळ झालेली. झाडताना रोज त्यांच्यावर चिडायचे मी. पण काठीशिवाय ही माणसं घरी चालत कशी गेली, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.