तिसरी पट्टी

दादाचं रिमोटवर उडणारं विमान हवेत गेलं की मैदानावरचे सगळे माना वर करून बघायचे, आणि धाकट्याच्या पोटात दुखायला लागायचं. "काय हात आहे!" म्हणायचे लोक. तो हात एकदा बघायचाच म्हणून धाकट्याने बोटभर वायरलेस चिपचा रिसीव्हर जुळवला. दादाच्या रिमोटचे सिग्नल तो पकडायचा. दादाचा अंगठा हलला की लॅपटॉपवरच्या चार पट्ट्यांतली एक हलायची. चोरून शिकायचं, एवढाच बेत होता.

त्या दुपारी तो गाडीत लॅपटॉप घेऊन बसला होता. विमान अलगद उतरलं, टाळ्या पडल्या.

"तुलाही जमेल रे कधीतरी," दादा हसत म्हणाला. त्याने रिमोटची बॅटरी काढली, रिमोट बॉनेटवर ठेवला आणि विमानाची बॅटरी काढायला गवतात वाकला. खरं तर आधी विमानाची काढायची असते, नाहीतर पंखा अचानक फिरून बोटं कापू शकतात. कौतुकाच्या भरात विसरला.

लॅपटॉपवर तिसरी पट्टी, मोटरची, वर सरकली.

रिमोट तर बॉनेटवर निपचित पडला होता. तरी गवतात पंखा फिरू लागला.

दादाने एका हाताने विमान दाबून धरलं. "अरे, रिमोट बघ! कोण चालवतंय?"

पट्टी झटके देत चढत होती. ते झटके धाकट्याच्या ओळखीचे होते, त्याच्याच हाताचे. तो विमान उडवायचा तेव्हा त्यांनाच तर लोक हसायचे. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

'सख्खा भाऊ आहे माझा,' त्याने मनाला बजावलं.

पट्टी आणखी वर गेली.