दुसऱ्या शंखानंतर

दुसरा शंख वाजला आणि गाव जागच्या जागी थांबले. घराघरांतून सांजप्रार्थनेचे सूर उठले. तिसरा शंख होईपर्यंत रस्त्यावर कोणी पाऊल टाकायचे नाही, ही सामोआच्या या किनाऱ्यावरची जुनी शिस्त. मागल्या वर्षी ती अधिक कडक झाली, ती महिला मंडळाची प्रमुख वाओइता हिच्याच शब्दाने.

चटईवर तिची सून पेनिना एका कुशीवर पडली होती. आठवा महिना. वाओइताने तिच्या पोटरीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"आई, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत," पेनिना म्हणाली. "डोकं फुटेलसं वाटतंय."

सकाळी नर्स मातालेना रक्तदाब मोजून म्हणाली होती, "मावशी, हिला आत्ताच मोठ्या दवाखान्यात हलवू या."

"सुजेला घाबरतेस होय गं? पलीकडच्या बेटावरची काटकुळी पोर, आमच्या घरचं खाऊन अंगानं भरलीय."

मातालेना हसली नव्हती. "बाळ अर्धं तुमच्या मुलाचं. बाईच्या अंगातले पहारेकरी एरवी त्याला ओळखतात, रक्ताच्या वाटा रुंद करून देतात. हिचे अडून बसलेत. वारेला रक्त पुरत नाही, म्हणून हिचा रक्तदाब चढतोय."

"या हातांनी चाळीस बाळंतपणं केलीत. तेल चोळते, उतरेल."

"संध्याकाळी गाडी घेऊन येतेच मी," एवढेच बोलून ती गेली होती.

ती गाडी आता दिसत होती. भिंती नसलेल्या घरातून वाओइताला गावाच्या वेशीपर्यंतचे सारे दिसे. फणसाच्या झाडाखाली दोन दिवे स्थिर उभे होते आणि त्यांच्यापुढे काठी आडवी धरलेला पहारेकरी तोएतू.

वाओइता उठली. बसली. पुन्हा उठली. पाद्रीबाबांच्या घरातले स्तोत्र अजून दुसऱ्याच कडव्यावर रेंगाळत होते. एवढ्यात पेनिनाची बोटे आपोआप आखडली आणि सावकाश सुटली. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

वाओइता पायरी उतरली.

या घटकेला तिला रस्त्यावर कोणी कधी पाहिले नव्हते. ती ज्या ज्या घरावरून गेली, त्या त्या घरातला सूर अडखळला.

तोएतू चाळिशी ओलांडलेला, आडदांड गडी. त्याने डोळे विस्फारले. "मोठ्या आई, घरात जा! प्रार्थना चाललीय."

"गाडी सोड."

"कशी सोडू? तुम्हीच म्हणालात, कोण, कुठला, विचारत बसू नका, आधी अडवा. पाद्रीबाबांचा पाहुणा अडवला, तेव्हा तुम्हीच मला डुकराची आख्खी तंगडी धाडलीत!"

"आज विचार."

"काय विचारू?"

"कोणासाठी आलीय ते विचार, टोणग्या!"

तोएतूने खिडकीकडे मान वाकवली. आत मातालेना दोन्ही हातांनी चाक आवळून बसली होती. "पेनिनासाठी," ती म्हणाली. "मघापासून सांगतेय."

तोएतू चाचरला. "पेनिना म्हणजे... ती पलीकडच्या बेटावरची ना?"

तीन वर्षे वाओइता सुनेला 'पलीकडच्या बेटावरची' याच नावाने हाक मारीत आली होती. गावाने ते तिच्याच तोंडून उचलले होते.  तिने हाताने काठी बाजूला सारली आणि ती गाडीपुढे चालू लागली.

पेनिनाला दोघींनी धरून मागच्या आसनावर निजवले. मोठा दवाखाना गावाच्या दुसऱ्या अंगाला होता. त्या रस्त्यावर तीन ठिकाणी पहारा होता. तोही वाओइतानेच वाढवलेला.

"तिसरा शंख होऊ दे म्हणतेस?" तिने विचारले. विचारणे तिच्या जिभेला नवे होते.

"नाही, मावशी," मातालेना म्हणाली. "तेवढा वेळ नाही."

वाओइता पुढे बसली. तिने काच पूर्ण खाली केली, अंबाड्यातली कासवाच्या पाठीची फणी सुटून पडली तरी पर्वा न करता कमरेपर्यंत बाहेर वाकली. पहिल्या वळणावर काठी आडवी झाली.

"आमची आहे!" ती ओरडली. "आमची आहे रे, आमची!"

काठी हलली. पुढे अजून दोन होत्या.