मिश्रीची डबी

रेडिएशन घेऊन घरी आले, तेव्हा शेजारची अनुसया ओसरीवर बसली होती. माझं तोंड आतून सोलून निघालं होतं, केमोनं पोटात ढवळत होतं. तिची नजर मात्र कोनाड्यातल्या माझ्या मिश्रीच्या डबीवर. अख्ख्या आळीला तंबाखू भाजून मिश्री करून देणारी मीच होते ना!

"आता तुला काय कामाची?" म्हणत तिनं डबीत बोट घातलं आणि सवयीनं, न बघताच, तोंडात फिरवलं.

"आई गं! काय आहे हे?"

"मीठ-सोडा. मिश्री कधीच चुलीत घातली. दिवसभर ह्याच्याच चुळा भरते मी," जड जिभेनं मी एकेक शब्द काढला. "डोळ्यांतून पाणी येतं, पण एक चूळ चुकवत नाही."

ती अजून गाल दाबूनच बसली होती. चिमूटभर मीठ धडधाकट तोंडाला एवढं झोंबत नाही.

"कधीपासून दुखतंय?"

तिनं मान खाली घातली. "दिवाळीपासून."

मी डबीचं झाकण घट्ट लावलं.

"उद्या पहिल्या एस्टीनं माझ्याबरोबर यायचं. खिडकीची जागा तू घे. मला रस्ता पाठ झालाय."